मधल्या कॉइलचं तोंड

माझ्या जगदेवीचं लग्न १९८३ च्या चैत्रात झालं. लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि आदल्या पावसाळ्यात नदी वाहिलीच नव्हती. पोरगी देवणीपलीकडं दिली. लग्नाची बुंदी पाडताना माझा उजवा हात तेलात भाजला. आठच दिवसांत तिच्या सासरच्या गावचा ट्रान्सफॉर्मर जळून आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात आला. गावाला पाणी एका बोअरचं, आणि बोअरची मोटर याच ट्रान्सफॉर्मरवर.

तिन्ही कॉइली मी नव्या तारेनं भरल्या. मला अक्षर येत नव्हतं. म्हणून कॉइलच्या तोंडाला, म्हणजे तार सुरू होते त्या टोकाला, पांढरा दोरा, शेवटच्या टोकाला, शेपटाला, लाल, ही माझी रीत. तिन्ही शेपटं एकत्र जोडायची, तोंडं बाहेर काढायची. मधली भरताना हात ठणकायला लागला, तेव्हा तार गुंडाळायचा चरक डाव्या हातानं उलटा फिरवला. वेढे उलटे पडले, म्हणून तिचं तोंडही दुसऱ्या टोकाला आलं. दोरे मी त्या हिशेबानंच बांधले.

निवृत्ती पेंटरनं दोरे कापले आणि तिन्हींवर एकाच जागी अक्षरं रंगवली. अक्षरं बघून जोडणी झाली. मी जेवून आलो तर कापलेले दोरे खाली पडलेले आणि गाडी दारात उभी.

"चढवायचा न्हाई," मी म्हणालो.

तपासणीचे साहेब शेषेराव हसले. "मामा, चाचणीचे तिन्ही दिवे सारखे पेटलेत."

"दिवा एकटा पेटतो साहेब. मोटर तिघींवर चालते. मधली उलटी ओढली की मोटर घुरघुरंल अन् जळंल."

"वर अक्षरं लिहिलीत. वाचता येतात का?"

"न्हाई. मीटरच्या काट्याला बी येत न्हाईत. त्याला इचारू."

मालक गुरुपादप्पा मध्ये पडले. "शिवमूर्ती, लई बोलायलास. बाजूला हो."

मी ट्रान्सफॉर्मरवरच बसलो. "पोरगी तिथं नांदायली अण्णा. उचला मला बी संगंच."

साहेबांनी मीटर मागवला. अकरा हजार व्होल्टच्या बाजूला सेल टेकवायचा, दुसऱ्या बाजूला मीटर लावायचा. दोन्ही बाजूंना तोंडच लागलं असेल तर काटा उजवीकडं उडतो. पहिल्या कॉइलला उजवीकडं उडाला, तिसरीलाही. मधलीला डावीकडं.

"सेल उलटा लागला असंल," निवृत्ती म्हणाला.

साहेबांनी स्वतः लावला. पुन्हा डावीकडं.

"खोला," एवढंच ते म्हणाले.

जोडणी बदलून ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या दिवशी गेला. मोटर पाऊस पडेपर्यंत चालली. मालक मला म्हणाले, चारचौघांत साहेबाला खोटं पाडलंस, त्याची माफी माग, न्हाईतर उद्यापासून येऊ नको. मी माफी मागायला गेलो नाही. दुसरीकडं काम धरलं. साठीला साक्षरता वर्गात अक्षरं शिकलो. आता टोकांवरची अक्षरं मीच रंगवतो, पण दोरा आधी बांधतो.

मालकांनी पुढं तीनदा निरोप धाडला: माफी माग, ये. मी मागितली नाही. लिंगायत रीतीनं त्यांना शेवटचं बसवून नेलं, तेव्हा खांदा मात्र दिला.

गुरुपादप्पा १९९६ च्या माघात वारले.