नावाखालचं नाव

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. विजार सावरणारा नव्हे हं. मुष्टियुद्धाच्या विजेत्याला मिळतो तो मानाचा पट्टा. पाठ माझी कातड्याची, छाती पितळेची. छातीवर एक नाव आहे आणि त्या नावाखाली आणखी एक.

रीत अशी, की लढत संपल्यावरच विजेत्याचं नाव कोरायचं. पण माझ्या कारागिराला कुठला धीर! सारं शहर ज्याला 'वादळ' म्हणे, त्या गड्याचं नाव तो आदल्या दिवशीच छिन्नीने ठोकू लागला. बायको म्हणाली, "अहो, लढत तर होऊ द्या!"

"अगं, त्याला पाडणारा अजून जन्मायचाय."

जन्मला होता की. बेकरीत पीठ मळत होता. तो रिंगणात उतरताच लोक ओरडले, "ए पीठवाल्या, जा, पाव भाज!" पण नवव्या फेरीत वादळच कोसळलं. पंचाने दहापर्यंत मोजलं. वादळ उठलं नाही. तीन दिवसांनी दवाखान्यात शांत झालं.

कारागिराने ते नाव घासून काढलं आणि त्याच जागी पीठवाल्याचं कोरलं. मग काय विचारता! हारतुरे, फोटो, बेकरीपुढे ही गर्दी. पण एका सकाळी मला पुसायला पीठवाल्याने माझ्यावर तोंडाची वाफ सोडली आणि वाफेत दुसरंच नाव उमटलं. पितळ विसरत नाही, मित्रांनो. ठोक्यांनी दबलेलं अंग दबलेलंच राहतं.

पीठवाला पिठासारखाच पांढरा पडला. पुन्हा लढला नाही, मला कमरेला बांधलं नाही. दर रविवारी पेटी उघडायचा, वाफ सोडायचा, नाव विरेपर्यंत बघत बसायचा. लहानगी लेक विचारायची, "बाबा, हा कोण?"

"घरातलाच आहे, बाळा. बोलत नाही एवढंच."

पेटीच्या अंधारात मला मात्र पंच ऐकू येई. सात, आठ, नऊ... दहा काही येतच नसे.

बाप गेला, लेकीचे केस पिकले. जुन्या खेळवस्तू जमवणारा एक दुकानदार मला बघायला आला. म्हणाला, "ताई, यंत्रावर मस्त घासतो, सोन्याचं पाणी देतो. काचेत असा झळकेल, की बघत राहाल!"

मी हादरलो. आणखी एक थर घासला, की खालचा गडी कायमचा गेला! पण पितळेचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

लेकीने मला उचललं, वाफ सोडली. दुकानदार वाकला आणि दचकून मागे सरला. "बाप रे! ताई, हे तर पुसायलाच हवं. असला डागाळलेला पट्टा कोण मिरवणार?"

"मिरवायचा नाहीच, दादा," ती म्हणाली आणि मला टॉवेलात गुंडाळून निघाली.

शहराच्या पलीकडच्या टोकाला वादळाची बहीण राहत होती. ऐंशी उलटलेली, दारातच खुर्ची टाकून बसलेली. सगळं ऐकून घेतलं तिने.

"म्हणजे तू त्या पीठवाल्याची लेक."

"होय, आत्या."

"आत्या? हे नातं कुठून काढलंस?"

"तुमचा भाऊ आमच्या घरात होता ना, इतकी वर्षं."

म्हातारीने मला हातात घेतलं. मग मला तोंडाजवळ धरून तिने वाफ सोडली. पितळ कोरडंच राहिलं. पुन्हा सोडली. छातीत तेवढा श्वासच उरला नव्हता.

"तूच सोड, पोरी."

पीठवाल्याच्या लेकीने श्वास सोडला. नाव उगवलं. म्हातारीचं बोट अक्षरांवरून फिरलं, जसं निजल्या लेकराच्या कपाळावरून फिरावं.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर चकाकीची घाई करू नका. डाग पुसण्याआधी विचारा, हा डाग कुणाचा? घासून गेलेलं सोनं पुन्हा चढवता येतं. घासून गेलेला माणूस परत आणता येत नाही.

मी आता आत्यांच्याच घरी असतो. पीठवाल्याची लेक दर रविवारी येते. ती वाफ सोडते आणि आत्या भावाला हाक मारतात, अक्षरं विरायच्या आत.