मोटारीचे खांदे

पोळ्यानंतर चार-पाच दिवसांनी घाटे साहेबांची मोटार भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर विटांच्या ढिगात शिरली. मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. ड्रायव्हर शालिकरामने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तरी ती धावतच राहिली. त्याने चावी बंद केली, तोवर ढीग आला होता.

"तुझा पाय जड झालाय," साहेब धूळ झटकत म्हणाले. "पुन्हा असं झालं, तर उद्यापासून घमेलं उचल."

शालिकरामने पायाखालची चटई काढली, चपला काढल्या आणि एकट्यानेच रुआबांधा गावाकडे गाडी नेऊन पाहिली. ती म्हशींच्या डबक्यात थांबली.

वर्कशॉपात शेषराव मिस्त्रीने बोनट उघडलं. "दाब. आता सोड." पेडलची दांडी गेली तिथेच राहिली. शेषरावने सांध्यावर बोट फिरवून वास घेतला.

"जवसाचं तेल हाय हे. अन् हळद. फोडणी देऊन राहिला का गा?"

शालिकराम तडक घरी, सेक्टर दहाला गेला. गाडी रात्री त्याच्याच दारात असे. बैल विकून त्याचे वडील रामाजी यंदाच गावाहून राहायला आले होते.

"बाबा, गाडीले काय लावलं?"

"पोयाच्या आदल्या दिशी बैलाचे शेकतो तसे तिचे खांदे शेकले, तेल-हळद लावून. बैल गेले. आता तू कोनाच्या जिवावर खाते?"

"मोटारीले खांदे कुठं दिसले तुमाले?"

"पाय दाबला का जे हालते, ते खांदे. तूच दाखवलं होतं."

"पण जवसाचं तेल कावून?"

"तुह्या बायकोनं तूप देलं नाही."

"इंजनाच्या गरमीनं त्याचा वार्निस झाला ना!"

"तेलाले नावं नको ठेवू. पोयाच्या दिवशी जुंपलं तू तिले. बैल असता तरी उधळलाच असता."

शेषरावने सांधा रॉकेलने धुतला. दांडी मोकळी झाली. शालिकरामने साहेबांना सगळं सांगितलं आणि घमेल्याची वाट पाहत उभा राहिला.

साहेब मोटारीपाशी गेले. मग म्हणाले, "पुरणपोळीही चारली का?"

"बाबाले इचारलं नाही, साहेब."

साहेबांनी वाकून पाहिलं. समोरच्या जाळीमागे करपलेली पोळी होती.

"म्हणजे पाय जड नव्हता," ते म्हणाले. घमेल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या पोळ्याला साहेबांनी मोटारीला सुट्टी दिली आणि स्वतः सायकलवर निघाले. सेक्टर दहाच्या वळणावर रामाजी तेल-हळदीची वाटी घेऊन उभे होते.

"साहेब, जराक थांबा जी. इले बी खांदे असतीनच."

साहेबांनी जोरात पायडल मारलं.