डावा किनारा

लुद्विकने बाहीने काच पुसली आणि पुन्हा वाचलं. चर्चच्या भिंतीवर, काचेआड, काळ्या चौकटीचे, मृत्यूची बातमी देणारे कागद लावले होते. मधल्या कागदावर मोठ्या अक्षरांत त्याचं स्वतःचं आडनाव होतं. आन्झेल्म द्रिगाव्का, वय अठ्ठ्याऐंशी, बोटींच्या कारखान्यातला निवृत्त सुतार. अंत्यविधी आजच, अकरा वाजता.

हे आडनाव असं काळ्या चौकटीत त्याने आजवर तीनदाच पाहिलं होतं. वडिलांच्या वेळी, आईच्या वेळी आणि गेल्या ऑक्टोबरात बायकोच्या, इर्मिनाच्या वेळी. इर्मिनाचे कागद त्याने स्वतःच आपल्या गावी, नेशाव्यात, भिंतींवर चिकटवले होते. चौथा कागद लागेल तेव्हा तो वाचायला आपण नसू, असं तो धरून चालला होता.

रादझिव्येला तो आला होता तो इर्मिनाच्या थडग्यावर बसवायच्या फोटोसाठी. चिनी मातीच्या तबकडीवर फोटो भाजून देणारा माणूस या भागात चांगला आहे, असं दगड घडवणाऱ्याने सांगितलं होतं. तबकडी आता कोटाच्या आतल्या खिशात होती. परतीची बस थोड्या वेळात सुटणार होती. चर्चची घंटा वाजू लागली. लुद्विकने बसथांब्याकडे एकदा पाहिलं, टोपी काढली आणि आत जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

त्याला आणि इर्मिनाला मूल झालं नाही. लुद्विकने त्याचं फारसं मनावर घेतलं नव्हतं. इर्मिनाने घेतलं होतं. नाताळची कार्डं लिहायला बसली की आडनावापाशी तिचं पेन अडायचं. "लुद्विक, तुझ्या घराण्याचं दार मी लावून घेतलं," असं ती म्हणायची. "घराणं कसलं, आम्हाला नदीने काठावर टाकलं असं बाबाच म्हणायचे," असं तो हसून सांगायचा. ती हसायची नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही ती तेच म्हणाली. "तुझं नाव माझ्यापाशी बुडालं." त्याने तिची उशी सरळ केली. ती ते ओझं घेऊनच गेली.

प्रार्थना संपली. सहाजणांनी शवपेटी खांद्यावर घेतली, पण चर्चच्या पायऱ्यांवर येऊन सगळे थांबले. फादर घड्याळ पाहत उभे होते. काळी शाल पांघरलेली एक म्हातारी हातात नदीकाठच्या वाळुंजाची डहाळी घेऊन वाट अडवून उभी होती. डहाळीवर करड्या लोकरीसारखे मऊ कळे आले होते. म्हातारी म्हणजे आन्झेल्मची बायको पेलागिया, हे लुद्विकला आत बसल्या बसल्या कळलं होतं. तिच्याशी हळू आवाजात हुज्जत घालणारा टकला माणूस तिचा जावई, हुबेर्त.

"आई, पेटीपुढे आता कोणीही चालला तरी चालेल. फादर खोळंबलेत."

"कोणीही नाही. आपल्या आडनावाचाच हवा."

"नावाचा होता तो पेटीत आहे, आई. तो काही उठून पुढे चालणार नाही."

"मग मी चालते."

"गुडघे बघा स्वतःचे. तिसऱ्या पावलाला तुम्हालाही खांदा द्यावा लागेल."

लुद्विकला मध्ये बोलायचं नव्हतं. तरी तो बोलला.

"माझं आडनाव द्रिगाव्का आहे."

कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने घसा साफ करून पुन्हा सांगितलं. या वेळी सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"काका, ही चेष्टेची वेळ नाही," हुबेर्त म्हणाला.

लुद्विकने ओळखपत्र काढून पुढे केलं. हुबेर्तने ते वाचलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा वाचलं आणि फादरना दिलं. फादरनी चष्मा लावला. पेलागियाने ओळखपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. ती लुद्विककडे पाहत होती.

"कुठून आलात?"

"नेशाव्याहून."

"म्हणजे नदीच्या खालच्या अंगाने. आमच्याकडची माणसं प्रवाहाबरोबर जातात. तुम्ही उलटे आलात."

"बसने आलो."

शवपेटीच्या मागच्या बाजूला कोणीतरी हसलं आणि ते लपवायला खोकलं. पेलागियाने डहाळी लुद्विकच्या हातात दिली.

"पेटीच्या पुढे चालायचं. फार भरभर नको. मागे वळून बघायचं नाही. मागची माणसं येताहेत असं समजून चालायचं."

"मी त्यांना ओळखत नव्हतो," लुद्विक म्हणाला.

"ते तुम्हाला ओळखत नव्हते. फिट्टंफाट. चला."

तो चालू लागला. ऑक्टोबरात तो इर्मिनाच्या पेटीमागे चालला होता, तेव्हा त्याचे डोळे त्या लाकडावरून हलले नव्हते. आज समोर काहीच नव्हतं. ओला रस्ता, दोन्ही बाजूंची कुंपणं, टोकाला स्मशानाचं फाटक. मागे पुष्कळ पावलं वाजत होती. तो एका खळग्यापाशी जरा हळू झाला तर ती सगळी पावलं हळू झाली. त्याने खळगा ओलांडला, तशी ती पुन्हा आधीसारखी पडू लागली. आयुष्यभर शाळेच्या बॉयलरवर काम केलेल्या त्याच्यासारख्या माणसाच्या मागे एवढी माणसं कधी चालली नव्हती. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

कबरीपाशी पेलागियाने बोटाने जागा दाखवली. लुद्विकने डहाळी उशाकडच्या ओल्या मातीत खोचली. तेव्हा त्याचं लक्ष आजूबाजूला गेलं. त्या ओळीत जागोजागी अशा डहाळ्या खोचलेल्या होत्या. बऱ्याचशा वाळून काटकी झाल्या होत्या, पण काही रुजल्या होत्या, आणि भिंतीलगतची दोन तर चांगली जाडजूड झाडं झाली होती. त्यांच्या खाली दगडांवर तेच आडनाव होतं. शेवाळ इतकं की बोटाने चाचपून वाचावं लागत होतं.

जेवण चर्चशेजारच्या सभागृहात होतं. लुद्विकने निरोप घ्यायचा प्रयत्न केला, पण हुबेर्तने त्याचा कोट काढून खुंटीला टांगला. लुद्विकने तबकडी तेवढी सदऱ्याच्या खिशात ठेवून घेतली.

"पुढे चालणारा उपाशी जात नसतो, काका. बसा. सूप गरम आहे, सासूबाई थंड आहेत."

"ऐकतेय मी," पेलागिया म्हणाली.

"तुम्ही ऐकावं म्हणूनच बोललो, आई."

शेवया घातलेलं कोंबडीचं सूप आलं, मग बटाटे आणि बीट आलं, छोट्या पेल्यांतून वोडका आली. पेलागियाने लुद्विकला शेजारी बसवून घेतलं होतं. त्याने आडनावाचा अर्थ विचारला. घरी कोणालाच माहीत नव्हता.

"द्रिगाव्का म्हणजे तराफ्याचं लांब वल्हं," ती म्हणाली. "वर सान नदीकाठच्या जंगलातून ओंडके बांधून तराफे निघायचे, ते आपल्या या विस्वा नदीतून थेट समुद्रापर्यंत. एक माणूस लहान होडीतून पुढे जायचा. उथळ पाणी दिसलं की तिथे वाळुंजाची डहाळी रोवायचा. मागच्यांनी ती बघायची आणि वल्हं मारायचं. ज्याच्या हातात ते वल्हं, त्याला लोक त्याच नावाने हाका मारायचे. कोणी वाटेत आजारी पडला, कोणी बुडाला, कोणाला काठावरची पोरगी आवडली. जिथे उतरले तिथे नाव राहिलं."

"आता शंभरेक आहेत सगळ्या देशात," हुबेर्त म्हणाला. त्याने मोबाइल काढला आणि ताटं बाजूला सारून लुद्विकपुढे ठेवला. "आडनावांचे नकाशे असतात हल्ली. हे बघा."

पडद्यावर देशाची नुसती सीमारेषा होती. नद्या काढलेल्या नव्हत्या, शहरांची नावं नव्हती. फक्त लाल ठिपके. लुद्विकने चष्मा लावला. ठिपके खाली उजव्या कोपऱ्यात सुरू होत होते, वर येत होते, वॉर्साच्या पुढे डावीकडे वळत होते, मग एकदम उत्तरेला. सत्तर वर्षं तो त्या वळणाशेजारी राहिला होता. त्याचं बोट आपोआप ठिपक्यांवरून सरकत समुद्रापर्यंत गेलं. ज्याने नकाशा केला त्याने नदी काढली नव्हती, तरी ती तिथे होती. माणसांचीच झालेली.

त्याने बोट उचललं आणि पुन्हा पहिल्या ठिपक्यावर ठेवलं. हुबेर्तने ते पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

"हा बघा, हा नेशाव्याचा. सासरे म्हणायचे, जाऊन बघून ये रे. मी म्हणायचो, एकुलता एक ठिपका, चुकून पडला असेल. तर ती चूक तुम्ही."

"आधी आम्ही दोघं होतो," लुद्विक म्हणाला.

त्याने खिशातून तबकडी काढली, तिच्याभोवतीचा कागद सोडला आणि ती पेलागियापुढे ठेवली. पेलागियाने तबकडी दोन्ही हातांत घेऊन खिडकीकडे धरली.

"मुलं?"

"नाहीत. तिला त्याचंच लागून राहिलं होतं. म्हणायची, नाव माझ्यापाशी बुडालं. शेवटपर्यंत तेच म्हणत होती." तो थांबला. "हा नकाशा तिने पाहायला हवा होता."

पेलागियाने तबकडी लगेच परत दिली नाही.

"आन्झेल्म कुठला होता माहीत आहे?" ती म्हणाली. "कोणालाच माहीत नाही. त्यालाही नव्हतं. लढाई संपली तेव्हा स्टेशनवर एकटा बसलेला सापडला. आठ-नऊ वर्षांचा असेल. नाव सांगेना. बोटींच्या कारखान्यातले एक म्हातारे द्रिगाव्का होते, त्यांनी उचलून घरी आणला. रक्ताचं म्हणाल तर त्याच्या अंगात एक थेंब नव्हता. आणि त्या म्हाताऱ्यांच्या आजोबांनाही असंच कोणीतरी तराफ्यावर घेतलं होतं. हे नाव असंच चालत आलंय, लुद्विक. पोटातून थोडं, हातातून जास्त."

"हे आम्हालाही आजच कळतंय, आई," हुबेर्त म्हणाला. त्याच्या हातातला काटा तसाच राहिला होता.

"तू कधी विचारलंस? तुला फक्त बोलता येतं."

तिने तबकडी शेजारच्या मुलीकडे दिली. मुलीने पाहिली आणि पुढे दिली. तबकडी हातातून हातात टेबलाच्या टोकापर्यंत गेली आणि दुसऱ्या बाजूने परत आली. एका बाईने ती पुढे द्यायच्या आधी हात फडक्याला पुसले.

मग पेलागिया टेबलाला रेटा देऊन उठली. सगळे उठले, खुर्च्या वाजल्या. लुद्विकही उठला.

"आपल्या गेलेल्यांची नावं," हुबेर्त त्याच्या कानाशी म्हणाला. "वरून खाली, नदीच्या क्रमाने. आजवर सासरे म्हणायचे."

पेलागियाने डोळे मिटले.

"उलानुव्ह, उजवा किनारा. मातेउश आणि त्याची बायको सालोमेया."

"शांती लाभो," सगळे म्हणाले.

"सांदोमिएश, डावा किनारा. बुडाला तो, ज्याचं नाव राहिलं नाही."

"शांती लाभो."

"काझिमिएश, उजवा किनारा. योआखिम. त्याचा भाऊ. त्याची तीन लेकरं, एकाच हिवाळ्यात."

नावं येत राहिली. म्हातारी कुठे अडखळत नव्हती. लुद्विक टेबलाची कड धरून उभा होता. एवढी माणसं इतकी वर्षं त्या नदीकाठी पडून होती. त्याच नदीवर तो रविवारी गळ टाकून बसायचा, आणि आपण एकटे आहोत असं समजायचा.

"रादझिव्ये, डावा किनारा," पेलागिया म्हणाली आणि पहिल्यांदाच थोडी थांबली. "आन्झेल्म."

"शांती लाभो."

तिने डोळे उघडले आणि लुद्विककडे पाहिलं.

"नेशाव्याला किनारा कुठला?"

इर्मिनाची जागा त्याने कधी अशी पाहिली नव्हती. त्याने मनातल्या मनात नदीकडे तोंड केलं, पाणी जातं तिकडे.

"डावा."

"नाव?"

"इर्मिना."

"नेशावा, डावा किनारा," पेलागिया म्हणाली. "इर्मिना."

"शांती लाभो," सगळं टेबल म्हणालं. तिला कधीही न पाहिलेली तोंडं म्हणाली. हुबेर्तही म्हणाला.

लुद्विकने खुर्ची मागे ओढली. त्याला वाटलं, झालं. पण दुसरं कोणीच बसलं नाही. पेलागियाने पुन्हा डोळे मिटले होते.

"तोरुन्य, उजवा किनारा. कास्पेर आणि त्याच्या दोन लेकी."

"शांती लाभो."

"हेव्म्नो, उजवा किनारा. लेओकाद्या."

त्याने खुर्ची सोडली आणि सरळ उभा राहिला. पुढचा "शांती लाभो" त्याच्याही तोंडून निघाला. नावं त्चेव्हला पोहोचली, मग ग्दान्स्कला. तिथे पेलागियाने मोठा श्वास घेतला. आता समुद्र आला, हे लुद्विकला कळलं.

"आणि पलीकडे," ती म्हणाली, "जिथला किनारा आपल्याला माहीत नाही," आणि तिथली नावं घ्यायला लागली.