पंचेचाळीस सेंटिमीटर

मिझुए कुरोकीला शिल्पकारांनी कधी आपलं म्हटलं नाही आणि डिझाइनवाल्यांनीही नाही. शिल्पकार म्हणत, ही खुर्च्या करणारी. डिझाइनवाले म्हणत, हिच्या खुर्चीवर बसायची भीती वाटते. दोन डगरींवर हात ठेवून तिनं तीस वर्षं काढली. जपानमधल्या साकाई शहरात, एका बंद पडलेल्या सुऱ्यांच्या कारखान्यात तिचं काम चाले. अख्खं दालन भरून टाकणारे पत्र्याचे पडदे, त्यांच्यामधून लोकांनी वाट काढत चालायचं. शिवाय दाराच्या मुठी, बागेतली बाकं. तिचा हट्ट एकच होता. ‘हात लावू नका’ अशी पाटी आपल्या कामावर लागता कामा नये.

छप्पन्नाव्या वर्षी तिला शेजारच्या शहराच्या रस्ते खात्याचं काम मिळालं. स्टेशनखालच्या पादचारी बोगद्यात काहीतरी मांडायचं होतं. हिराबायाशी नावाचा तिथला अधिकारी फार अदबीनं बोलायचा, गुरूला म्हणावं तसं तिला ‘सेन्सेई’ म्हणायचा. “सेन्सेई, लोकांना तिथून जाताना प्रसन्न वाटलं पाहिजे, एवढंच.”

तिनं नदीतल्या गोट्यांसारखे चौतीस पोलादी दगड कागदावर काढले, भिंतीच्या कडेनं, येणाऱ्याजाणाऱ्यानं घटकाभर बसावं म्हणून. आराखडा तीनदा परत आला. आधी दगडांचा माथा उतरता करा, मग दोन दगडांतलं अंतर कमी करा. एकशेवीस सेंटिमीटरचे ऐंशी झाले, ऐंशीचे पंचेचाळीस. कारण दिलं होतं, साफसफाईची सोय. दर वेळी तिच्या मनात काहीतरी खटकलं आणि दर वेळी तिनं ते बाजूला सारलं. शिल्प आणि डिझाइन, दोन्हीकडच्या परीक्षकांचं लक्ष पहिल्यांदाच तिच्या एका कामाकडे लागलं होतं.

वेल्डिंग तोगाशीचं. एकाहत्तर वर्षांचा हा कारागीर वीस वर्षं तिचा प्रत्येक जोड करत आला होता. पहिले दोन दगड तयार झाल्यावर त्यानं ते जमिनीवर मापानं मांडले.

“हे कशासाठी, सेन्सेई?”

“बसायला.”

“यावर? माझी बायको बसली तर घसरत थेट तिकीट खिडकीपर्यंत जाईल.”

“मग टेकायला.”

तोगाशीनं टोपी काढली आणि तो दगडांच्या मधल्या फटीत आडवा व्हायला गेला. खांदे अडकले. कुशीवर वळला तर गुडघे मावेनात. कपडे झटकत तो उठला. “माणूस इथे पाठ टेकू शकत नाही. काय चोख माप आहे! ज्यानं काढलं त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे.”

“माप त्यांनी दिलंय.”

“रेघ तर तुमचीच ना?”

“काम सुरू करा, तोगाशी-सान.”

त्यानं तोंडावर मुखवटा ओढला. काम मात्र नेहमीसारखंच नेटकं केलं. वाईट काम त्याच्या हाताला जमतच नसे.

नोव्हेंबरात दगड बसले. त्याआधी त्या भिंतीशी पुठ्ठ्यांची सात-आठ घरं होती. त्यातली माणसं कुठे गेली, असं तिनं विचारलं तेव्हा हिराबायाशी म्हणाला, “सोय लावलीये.” जानेवारीत या कामासाठी तिला पारितोषिक मिळालं.

फेब्रुवारीत एके दिवशी तोगाशीनं तिच्या टेबलावर वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवलं आणि तो कामाला लागला. चार ओळींची बातमी होती. सायकलतळाच्या मागे एक बाई थंडीनं गारठून मेलेली सापडली. तोमोए इशिगुरो, वय अडुसष्ट. नोव्हेंबरपर्यंत स्टेशनखालच्या बोगद्यात राहत होती.

मिझुए रस्ते खात्यात गेली. दगड काढून टाका म्हणाली. हिराबायाशीनं तिच्यापुढे चहा ठेवला.

“त्या घटनेचा या कामाशी संबंध जोडणं बरं नव्हे, सेन्सेई. आणि मालकी आता शहराची आहे. तुमची सही आहे.”

“मला ठाऊक नव्हतं, हे कशासाठी होतं ते.”

तो तिच्याकडे जवळजवळ मायेनं बघत राहिला. “खरंच?”

 चहा तसाच ठेवून ती उठली.

दगड स्वतःच कापून काढायचं तिनं ठरवलं तेव्हा तोगाशी म्हणाला, “एकट्या गेलात तर बोटं घालवून बसाल. शिवाय माझा जोड दुसऱ्या कुणी तोडलेला मला खपायचा नाही.”

मंगळवारी सकाळी दहा वाजता दोघं शिरस्त्राणं घालून बोगद्यात गेली. नारिंगी शंकू मांडले, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी लावली. ठिणग्या उडत होत्या, तरी कुणी हटकलं नाही. एका म्हातारीनं तर वाकून म्हटलं, “किती राबताय हो!” एक वाजेपर्यंत एकोणीस दगड सुटले होते. मग स्टेशनचा पहारेकरी आला, परवान्याचा क्रमांक मागू लागला, आणि पाठोपाठ पोलीस.

चौकीच्या दारात मिझुए हळूच म्हणाली, “दुरुस्तीचं काम आहे असं मिझुएनं मला सांगितलं होतं, असं म्हणा.”

“या वयात वेडा ठरू का मी?” तोगाशी म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं सगळं खरं सांगितलं.

शिक्षा दोघांनाही झाली. ती स्थगित ठेवल्यामुळे तुरुंग टळला, पण दोन संग्रहालयांनी तिची कामं उतरवली, पारितोषिक काढून घेतलं. तोगाशीचं नाव पेपरात आलं. कारखाने त्याला काम देईनासे झाले. जूनमध्ये त्यानं आपली यंत्रं विकली.

मे महिन्यात ती एकदा बोगद्यात गेली होती. पायऱ्यांवर एक माणूस रिकामे डबे पायानं चेपून पोत्यात भरत होता. सेगावा त्याचं नाव. तोमोएचा शेजारी होता तो, पुठ्ठ्याच्या घरातला. आपण कोण, हे मिझुएनं त्याला सांगितलं.

सेगावानं हात थांबवला नाही. “ती भिंत गरम असते. पलीकडून वाफेचे नळ गेलेत. म्हणून तर आम्ही तिथे होतो. तुमचे दगड आले, झोपणं गेलं. पण दिवसा मध्ये शिरून पाठ शेकता यायची. तोमोए दुपारभर बसायची तशी. तुम्ही दगड कापलेत आणि त्यांनी तिथे जाळी ठोकली.”

तिनं पाहिलं. जमिनीपासून छतापर्यंत जाळी होती. आत कापलेल्या पोलादाचे खुंट तसेच होते.

“मी काही करू शकते का?” तिनं विचारलं.

“नको बाई,” तो घाईनं म्हणाला. “आता आणखी काही करू नका.” पोतं खांद्यावर टाकून तो पायऱ्या चढून गेला.

हल्ली ती साकाईतच एका कारखान्यात सुऱ्यांच्या मुठी घासते. तोगाशीच्या घरी ती दोनदा गेली. दोन्ही वेळा त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, ते घरी नाहीत. आतून टीव्हीवरच्या सुमो कुस्त्यांचा आवाज येत होता, आणि त्याच्या खोकण्याचा. मिझुएनं आणलेली नाशपातीची फळं उंबऱ्यात ठेवली, वाकून नमस्कार केला आणि ती बसथांब्याकडे वळली.