कापलेली बाजू पूर्वेला

प्रबंध द्यायला नऊ दिवस राहिले होते आणि माझा बर्फ चुकत होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. नऊ दिवसांनी जळगावच्या विद्यापीठातून माझं नाव कटणार होतं, पाच वर्षांसकट.

बर्फ एकाच प्रकारचा नसतो. दाब आणि तापमान बदललं की तेच पाण्याचे कण वेगळ्या मांडणीत बसतात. असे वीसेक प्रकार आहेत. त्यांतल्या चारांचं मॉडेल मी कॉम्प्युटरवर केलं होतं: कुठला किती उष्णता धरतो, कुठला कधी टिकतो. तीन प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी निमूट जुळले. नडला तो नेहमीचा, गोळेवाल्याकडचा. त्याला कितीही गार केलं तरी कणांची थोडी अव्यवस्था शिल्लक राहते, प्रयोगशाळेत मोजलेली आहे. माझ्या उत्तरात ती शून्य. चार महिने समीकरणं तपासली, रडून झालं, मेसची ताटं परत पाठवून झाली. शेवटी डोकं चालेना म्हणून घरची, यावलची बस धरली.

आबा, माझे वडील, शेतात केळीची लावण करत होते. "कायले आली व, मोहिनी? झालं का तुह्यं?"

मी टोपलीतला कंद उचलून खड्ड्यात ठेवला, कापलेली बाजू पूर्वेला. सात वर्षांची होते तेव्हा आबांनीच शिकवलं होतं. कापलेल्या बाजू एकीकडे ठेवल्या की घड सगळे दुसरीकडे निघतात, काढायला सोपे पडतात.

चौथ्या कंदाला माझा हात थांबला. कॉम्प्युटरवर बर्फाचा स्फटिक रचताना मी एक नीट तुकडा बनवला होता आणि तोच शेजारी शेजारी ठेवत गेले होते. प्रत्येक कणाचं तोंड ठरलेल्या दिशेला. इतकं सुरेख दिसत होतं की मी फोटो काढला होता. नेहमीच्या बर्फात कणांच्या जागा ठरलेल्या असतात, तोंडं मात्र कशीही. बाकीचे तीन प्रकार मुळातच शिस्तीचे, म्हणून जुळले होते. हे सगळं मी शंभरदा वाचलं होतं, बाई! तरी हातांनी केळीची बागच लावली.

बांधावरून माझ्या गाईडना, भाईदास सरांना, फोन लावला. सगळं पुन्हा चालवायला पाच महिने लागतील, म्हटलं.

"पाच महिने आणणार कुठून?" सर म्हणाले. "शिल्लक किती हवी ते पुस्तकात आहे. शेवटी तुझ्या उत्तरात तेवढी मिळव आणि प्रबंध देऊन टाक. आकडा जुळेल."

"आकडा जुळेल, सर. बर्फ दुसराच राहील."

"मग तुझं तू बघ."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण दोन मिनिटं मी खरंच तो आकडा मिळवायचा विचार केला होता. मिळवणार नव्हते. म्हणजे नाव कटणार होतं. मी बांधावर बसून हमसून हमसून रडले.

आबा आले. मी त्यांना समजेल असं सांगितलं: सगळ्यांची तोंडं एकीकडे केली, ती कशीही हवी होती.

ते लावलेल्या ओळीकडे बघत म्हणाले, "मंग म्याच चुकीचं शिकोलं का तुले?"

"नाही हो आबा. केळीले तेच बरोबर हाये."

त्यांना ते पटलं नाही. चाळीस वर्षं लावण केलेला माणूस, हातात कंद धरून खड्ड्यापाशी वाकला आणि मला विचारू लागला, "हा कसा ठेवू?"

मी त्यांच्या हातून कंद घेतला, कापलेली बाजू पूर्वेला केली आणि माती ओढली.