धुतलेलं पिल्लू

मामांच्या कोंबड्या मुळात कोळशासारख्या काळ्या. ही जात पाळणारी माणसंही आता फारशी उरलेली नाहीत. मामांना मात्र तिच्यात धुक्याचा रंग आणायचा होता. त्यातल्या त्यात फिकट पिल्लू ठेवायचं, गडद देऊन टाकायचं. फिकट पिल्लाला ते ‘धुतलेलं’ म्हणत. वर्षानुवर्षं धूत राहिले आणि गेल्या हिवाळ्यात गेले.

त्यांच्यामागे पहिलं पिल्लू अंड्यातून निघालं तेव्हा मामीचा फोन आला. “ये लवकर. तुझ्या मामांचा हट्ट चालत आलाय!”

पिल्लू खरंच धुक्यासारखं होतं. पायसुद्धा फिकट.

“भरतो की नाही रंग डोळ्यात?” मामी म्हणाली. तिला हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

पिल्लू दाण्याशेजारच्या रिकाम्या जागी चोच मारत होतं. पुन्हा तिथेच.

“मामांवरच गेलंय,” मामी म्हणाली. “समोर ठेवलेलं दिसेल तर शपथ!”

मी मोबाइलचा उजेड पाडला. एका डोळ्याची बाहुली गोल नव्हती. कड उसवल्यासारखी, आत दुधाळ. उजेडाने ती आक्रसली नाही. दुसरा डोळा लहान, अर्धवट मिटलेला.

“सर्दी असेल. थेंब घालू.”

“सर्दी नाही, मामी. दिसत नाहीये त्याला.”

मामीने ताटलीवर नखाने टकटक केलं. आवाजाकडे वळून पिल्लाने दाणा टिपला.

“बघ, खातंय.”

“तू टकटक करशील तोवर खाईल.”

तिचं बोट थांबलं. “पण हे आलं कुठून?”

“फिकटच निवडत गेल्यावर शेवटी सगळी भावंडं उरली. एकाच घरातला लपलेला दोष आई-बाप दोघांकडून आला.”

“म्हणजे रंगाबरोबर नजरही धुतली त्यांनी.”

“त्यांना कसं कळणार होतं?”

“तेच तर! कळलं असतं तर हे रंगाचं सगळं मोडलं असतं त्यांनी. पिल्लू लंगडलं तरी जेवण जायचं नाही त्यांना.” तिने ताटली पिल्लाकडे सरकवली. “आता काय करायचं?”

“इथला कोंबडा वेगळा ठेवायचा. बाहेरून काळा आणायचा.”

“आणि रंग?”

मी मोबाइलचा उजेड बंद केला.

“बोल ना गं. जनावरांची डॉक्टरकी शिकलीस कशाला मग?”

“येणाऱ्या पिल्लांत दिसणार नाही. पुढे कधी परत आला, तर कदाचित हे डोळे घेऊनच येईल.”

मामी उठली. परसात जाऊन तिने कोंबडा काखेत धरला, कोपऱ्यातल्या खुराड्यात सोडला आणि कडी घातली. तो जाळीला धडका देत कोंबड्यांना हाका मारू लागला.

“ओरड,” मामी त्याला म्हणाली. “मी काय कमी ओरडले? दिलं कुणी परत आणून?”

तिने बाहीने तोंड पुसलं. “काळ्यासाठी कुणाला विचारायचं ते सांग मला. पण आज नको.”