पायात काय होतं?

मी एका हॉटेलात साफसफाईची सुपरवायझर आहे. चार मजले, बाहत्तर खोल्या आणि हाताखाली अकरा बायका, ज्या मला पाठीमागे 'फौजदारीण' म्हणतात. म्हणू देत. लॉबी पुसली की 'फरशी ओली आहे'ची पिवळी पाटी लागल्याशिवाय मी कुणाला पाऊल टाकू देत नाही. घरी मात्र हॉटेलात वापरतो तसलंच पॉलिश विकत आणून दर रविवारी फरशी घासते आणि पाटीबिटी काही लावत नाही. शेजारीण आली की आधी फरशीकडे बघते, मग माझ्याकडे. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, आता वय एक्क्याऐंशी. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. घरात घालायचे जुने सँडल सोबत होते, रबरी तळव्यांचे, मागे पट्टा असलेले. दोन दिवसांत फरशीवर काळे ओरखडे! मी म्हटलं, "नाना, हे घरात नको हं. फरशीची वाट लागते." सँडल दाराबाहेरच्या कपाटात गेले आणि मी त्यांना लोकरी मोज्यांचे दोन जोड आणून दिले. पाय गरम राहतील म्हणून आणले, असं चारचौघांत सांगितलंही. त्या दिवसापासून नाना भिंतीला हात लावून चालायला लागले. भिंतीवर बोटांचे डाग पडतात म्हणून मी त्यावरही एकदा कुरकुरले.

दीड महिन्यापूर्वी, एका सोमवारी सकाळी, ते स्वयंपाकघराच्या दारात धाडकन पडले. मी दोन पावलांवर होते. मोज्यातला पाय सर्रकन पुढे गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. मनगट मोडलं. नवरा धावत आला, "काय झालं, काय झालं?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. "चक्कर आली रे," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. किती मायेचा माणूस, सुनेला सांभाळून घेतलं, असं वाटून डोळेही भरून आले. आणि मी मूग गिळून गप्प बसले.

चक्कर म्हटल्यावर तपासण्या आल्या, गोळ्या आल्या. गोळ्यांनी नाना भर दुपारी जेवताना पेंगायचे. रोज सकाळी बागेत चार म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा अड्डा जमायचा, नाना एकटे चालत जायचे. "रस्त्यात चक्कर आली म्हणजे?" असं म्हणून नवऱ्याने ते बंद केलं. एकदा अड्ड्यावरून फोन आला. "नाही हो, जमायचं नाही. डोकं धड राहिलेलं नाही आता," नाना म्हणाले. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मला माझीच किळस आली. पॉलिश मी चोरासारखं गुपचूप बंद केलं. सँडल मात्र आत आणले नाहीत, कारण ते आणले की का आणले हे सांगावं लागणार. उद्या सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले.

काल प्लास्टर निघालं. मग आम्ही तिघं चक्करवाल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद उलटेपालटे केले. "रिपोर्टमध्ये काही नाही. पण कारण सापडत नाही, तोवर एकट्याने बाहेर पडायचं नाही." नानांनी मुकाट्याने मान हलवली.

"बरं, पडलात तेव्हा पायात काय होतं?"

"चप्पल," नाना पटकन म्हणाले.

"नव्हती," मी म्हटलं. "मोजे होते. मी दिलेले. आदल्या दिवशी फरशीला पॉलिश केलं होतं, तेही मीच. चक्करबिक्कर काही नाही, ते घसरले. मी बघितलंय."

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. "दीड महिना?" एवढंच म्हणाला.

डॉक्टरबाईंनी खात्री करायला नानांना उठवलं, बसवलं, चालवलं, बरंच काही विचारलं. मग गोळ्यांवर काट मारली. "घरातसुद्धा पायात काहीतरी हवंच, आजोबा. मागून बंद, पायाला घट्ट बसणारं, न घसरणारं. बागेत जा खुशाल." मग हसून म्हणाल्या, "सुनेला वाचवायला खोटं बोललात होय?"

मी मान खाली घातली. पण खरं सांगते, नाना आता 'हो' म्हणतील म्हणून मी कान टवकारले होते.

"वाचवायला कुठलं?" नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हिचं नाव घेऊन मी राहणार कुठे? मला त्याच घरात राहायचंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना उठायला लागले, मी आधाराला हात पुढे केला, तर ते घाईघाईने म्हणाले, "नको, नको, उठतो मी. तुला त्रास नको."